नव्वद नंबरच्या तेलात बुडालेली करामत

गाडी घेऊन कुठल्याही चौकाला एक पूर्ण फेरी मारा. बाहेरच्या अंगाचं चाक आतल्या चाकापेक्षा जवळजवळ नऊ मीटर जास्त धावतं. खरी गंमत पुढेच आहे. चौक टीचभर असो, नाहीतर फेरी थेट शिवाजी पार्काला मारलेली असो, हा फरक बदलत नाही. दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं तर २ गुणिले पाय गुणिले १.४, उत्तर ८.८ मीटर. फेरी केवढी मोठी, याचा हिशेबात संबंधच येत नाही. यू-टर्नला ४.४ मीटर, काटकोनातल्या वळणाला २.२ मीटर, मग वळण गल्लीतलं असो की महामार्गावरचं.

एकाच इंजिनवर फिरणाऱ्या दोन चाकांमधला हा फरक बिनबोभाट निस्तरतं ते डिफरन्शियल. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते दोन चाकांच्या मधोमध, लोखंडी हौसिंगमध्ये बसलेलं असतं. त्याच्या पोटात साधारण एक ते तीन लिटर तेल असतं, आणि त्या तेलावरच त्याचं सगळं आयुष्य चालतं. इंजिन ऑइल कधी बदललं हे मालकाला तोंडपाठ असतं. या तेलाची विचारपूस मात्र फारसं कुणी करत नाही. माझ्या मते गाडीतलं सगळ्यात उपेक्षित तेल हेच, आणि घरच्या घरी बदलायला सगळ्यात सोपंही हेच. फिल्टर नाही, बहुतेक गाड्यांत पंपही नाही. दोन प्लग, एक पाना आणि रविवारची सकाळ.

तुमच्या गाडीला ते आहे का?

आधी खाली वाकून बघा. स्विफ्ट, आय-ट्वेंटी, अल्ट्रोज अशा गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचं डिफरन्शियल पुढे गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, त्यामुळे मागे बदलायला काही नाही. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर, ईको यांना मात्र मागे ते टपोरं हौसिंग दिसेल. नाव सारखं म्हणून गाडीही सारखी, असं इथं धरून चालत नाही. इनोव्हा क्रिस्टाला मागचं डिफरन्शियल आहे, इनोव्हा हायक्रॉसला नाही. जुन्या सफारीला होतं, २०२१ मध्ये आलेल्या नव्या सफारीला नाही. फोर बाय फोर असेल तर पुढच्या ॲक्सललाही वेगळं डिफरन्शियल असतं आणि त्याचं तेल वेगळं बदलावं लागतं.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांची गाडी आपल्याकडे घरोघरी पोचली. त्याआधीच्या ॲम्बेसेडर आणि पद्मिनी दोघीही मागच्या चाकांच्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीत मागच्या सीटवर मधोमध बसलेल्याला पाय नीट ठेवता यायचे नाहीत, कारण तिथं जमिनीतून एक उंचवटा गेलेला असायचा. त्या उंचवट्याखालून इंजिनची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट फिरत असे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या या गाडीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली.

रिक्षालाही डिफरन्शियल असतं, कारण पुढे एकच चाक असलं तरी ढकलणारी चाकं मागे दोन आहेत. बैलगाडीला ते लागत नाही. तिची दोन्ही चाकं आसावर आपापली मोकळी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. वंगण मात्र तिलाही लागायचंच, म्हणून तर गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असे.

रेल्वेची गोष्ट सगळ्यात भारी. तिथं दोन्ही चाकं एकाच आसावर पक्की ठोकलेली असतात, तरी डिफरन्शियल नाही. मग वळणावर काय होतं? चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, किंचित निमुळता असतो. वळण आलं की सगळा आस थोडा बाहेर सरकतो. बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर चालू लागतं, आतलं बारीक भागावर, आणि हिशेब आपोआप जुळतो. फारच आवळ वळण असेल तर एवढ्यानं भागत नाही. मग चाक रुळावर घासतं आणि ती कर्कश किंकाळी ऐकू येते.

गिअरमध्ये उभी केलेली गाडीही घरंगळते

हे नीट वाचा, कारण यात जीव जाऊ शकतो. गाडी बंद करून पहिल्या गिअरमध्ये टाकली की ती जागची हलणार नाही, असं आपण समजतो. दोन्ही मागची चाकं जमिनीवर असतात तोवर ते खरंही असतं. त्यातलं एक चाक जॅकनं उचललं की सगळं गणित फिरतं. गिअरमुळे शाफ्ट अडकलेला असला तरी डिफरन्शियल दोन चाकांना एकमेकांच्या उलट फिरायची मोकळीक देतं. हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि गाडी जॅकवरून सुटून चालू लागते.

म्हणून सपाट जमीन, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, आणि गाडी जॅकवर नव्हे तर घोडीवर टेकवलेली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नका. बोलेरो, थार अशा उंच गाड्यांखाली बहुतेक वेळा काहीही न उचलता सरकता येतं आणि तेच सगळ्यात चांगलं. गाडी तिरकी राहिली तर तेलाची पातळी चुकते, म्हणून मागची बाजू उचललीच तर पुढचीही तेवढीच उचलावी लागते.

दोन्ही मागची चाकं घोडीवर अधांतरी असतील, पुढच्या चाकांचे ठोकळे जागेवर असतील, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक तेवढ्यापुरता सोडलेला असेल, तर मुलांना बोलावून एक प्रयोग दाखवा. उजवं चाक हातानं पुढे फिरवा. साधं डिफरन्शियल असेल तर डावं चाक मागे फिरताना दिसेल. दोन्ही एकाच दिशेनं फिरली तर तुमच्या गाडीत लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, आणि त्याला लागणारं तेल वेगळं असतं. पाना हातात घ्यायच्या आधीच ही माहिती मिळालेली बरी.

आधी वरचा प्लग

या कामातला एकच नियम लक्षात ठेवायचा असेल तर तो हा: ज्यातून तेल भरायचं तो वरचा प्लग आधी उघडून बघा, ज्यातून तेल सांडायचं त्या खालच्या प्लगला मग हात लावा. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेला प्लग चिखल, पाणी आणि गंजानं असा धरून बसतो की पाना घसरून त्याचे कोपरेच गोल होतात. खालून सगळं तेल सांडून टाकलं आणि वरचा प्लग उघडलाच नाही, तर गाडी जागेवर अडकली. गॅरेजपर्यंतही नेता येणार नाही.

प्लगचं डोकं प्रत्येक गाडीत वेगळं असतं. कुठे षटकोनी, कुठे एलन की लागते, तर कुठे चौकोनी खाच, ज्यात रॅचेटचं चौकोनी टोकच थेट बसतं. आदल्या रात्री तारेच्या ब्रशनं कडा साफ करून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला की सकाळी निम्मं काम झालेलं असतं. काही गाड्यांत खालचा प्लगच नसतो. तिथं मागचं झाकण उतरवावं लागतं किंवा वरच्या भोकातून पिचकारीनं तेल ओढून घ्यावं लागतं.

तेल काढायच्या आधी आठ-दहा किलोमीटर चक्कर मारून या. थंड तेल काकवीसारखं रेंगाळतं. कोमट झालं की झरझर उतरतं आणि तळाशी बसलेला गाळही सोबत घेऊन येतं.

चुंबकावरची राखाडी पेस्ट

खालचा प्लग हातात आला की तो पुसायची घाई करू नका. बहुतेक प्लगच्या आतल्या टोकाला चुंबक असतो आणि त्याच्यावर राखाडी, मऊ, चमचमणारी पेस्ट जमलेली असते. ती दोन बोटांत चोळून बघा. गुळगुळीत लागली, काजळासारखी पसरली, तर निश्चिंत व्हा. दात एकमेकांना घासून गुळगुळीत होताना निघालेली ती लोखंडाची भुकटी आहे. बोटाला कण टोचले, पातळ पापुद्रे दिसले किंवा दाताचा तुकडाच निघाला, तर तेल बदलून प्रश्न सुटणार नाही. ती गाडी मेकॅनिकला दाखवायची. माझ्यासाठी या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा क्षण हाच. मागचा ॲक्सल उघडल्याशिवाय त्याच्या आतली तब्येत कळायचा दुसरा इतका स्वस्त मार्ग नाही.

तेलाचा रंगही बघा. काळपट तपकिरी असेल तर ते फक्त जुनं झालंय. दुधाळ, चहात दूध पडल्यासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय.

पाणी शिरतं कसं, हे कळलं की पावसाळ्यात गाडी चालवताना हात आपोआप सावध होतो. लांबून आलेल्या गाडीचं हौसिंग चांगलंच तापलेलं असतं आणि आतली हवा प्रसरण पावलेली असते. अशी गाडी पाण्यानं भरलेल्या सखल रस्त्यावर किंवा ओढ्याच्या फरशीवर उतरली की हौसिंग झटक्यात थंड होतं. आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ऑइल सीलमधून, हवा ये-जा करायच्या ब्रीदरमधून आत ओढलं जातं. पूरपाण्यातून गाडी काढली असेल तर तेल बदलायचे किलोमीटर भरायची वाट पाहायची नाही. निदान वरचा प्लग उघडून रंग तरी पाहायचा.

दातांचीही एक गोष्ट इथंच सांगतो. शाफ्टच्या टोकाला असतो तो लहान पिनियन आणि त्याला काटकोनात फिरणारं मोठं दातेरी चाक म्हणजे क्राऊन. मेकॅनिक दोघांना मिळून क्राऊन-पिनियन म्हणतो आणि त्यांची जोडीच बदलतो, सुटं एक कधीच नाही. समजा पिनियनला १० दात आहेत आणि क्राऊनला ४०. मग पिनियनच्या चार फेऱ्या झाल्या की तोच दात पुन्हा त्याच दाताला भेटणार. एका दातावर बारीकसा दोष असला तर तो जन्मभर ठरावीक चार दातांनाच कोरत राहील. म्हणून कारखान्यात ४० ऐवजी ४१ दात घेतात. आता तीच जोडी परत भेटायला पिनियनच्या ४१ फेऱ्या लागतात, प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते. गाड्यांच्या माहितीपत्रकात ४.१ असे अपूर्णांकी आकडे दिसतात, त्यामागे हाही एक विचार असतो.

तेल निथळतंय तोवर

शेवटचा थेंब पडायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात चार गोष्टी.

डिफरन्शियल मोटारीपेक्षा जुनं आहे. पॅरिसमधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीनं १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. कार्ल बेंझची तीनचाकी मोटार त्यानंतर जवळजवळ सहा दशकांनी आली. १८८६ सालच्या पेटंटची ती गाडी, आणि तिच्यातही डिफरन्शियल होतंच. त्याहून मागे, तिसऱ्या शतकातल्या चीनमध्ये मा चुन नावाच्या कारागिरानं दक्षिण दाखवणारा रथ केला होता. रथ कुठेही वळवा, वरच्या पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच. मूळ रथ उरलेला नाही, त्यामुळे आतली रचना हा अंदाजच आहे. ब्रिटिश मोटार अभियंता जॉर्ज लँचेस्टर यानं १९४७ मध्ये ती डिफरन्शियलनं साधता येते असं मांडलं.

इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीचा जेम्स स्टार्ली सायकलवाला. तो आणि त्याचा मुलगा शेजारी शेजारी बसून पायडल मारायच्या गाडीवर निघाले. मुलगा तरुण, जोर जास्त, त्यामुळे गाडी सारखी बापाच्या बाजूला वळायची. असं सांगतात की स्टार्लीनं गाडी थांबवली, बसून विचार केला आणि दोन चाकांमध्ये दातचक्रं घालायची युक्ती काढली. १८७७ मध्ये त्याचं पेटंट झालं. १८८१ मध्ये राणी व्हिक्टोरियानं त्याच्या साल्वो तीनचाकी सायकली मागवल्या, एक नव्हे, दोन.

१८९८ चा २४ डिसेंबर, नाताळची आदली संध्याकाळ. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर र्‍यू लपीक नावाचा खडा चढ आहे. एकविशीतला लुई रेनॉ आपली घरी केलेली छोटी मोटार घेऊन तो चढ चढला. तेव्हाच्या मोटारींना सायकलसारखी साखळी असे. यानं साखळी काढून टाकली आणि इंजिनपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत थेट शाफ्ट नेला. त्याच रात्री गाड्यांच्या ऑर्डरी आल्या आणि पुढच्या वर्षी कारखाना उभा राहिला. तुमच्या बोलेरोखालून फिरणारा शाफ्ट त्याच घराण्यातला.

चौथी गोष्ट युद्धकाळातली. दुसऱ्या महायुद्धात काळोख पाळायचा असे, दिवे लावायला बंदी. ताफ्यातल्या मागच्या ड्रायव्हरला पुढची गाडी दिसणार कशी? ब्रिटिश लष्करानं ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग फासला आणि त्याच्यावर प्रकाश पडेल असा एक मिणमिणता दिवा गाडीखाली लावला. विमानातून काही दिसायचं नाही, मागच्या ड्रायव्हरला मात्र समोर पांढरा ठिपका दिसत राहायचा. आपल्या महामार्गांवर रात्री ट्रकच्या मागे असाल तर रंगवलेलं हौसिंग जरूर बघा.

वास कशाचा?

गिअर ऑइलचा डबा उघडला की नाकात शिरतो तो गंधकाचा वास. हातमोजे घातले नाहीत तर दोन दिवस जेवताना बोटांना तो येत राहतो, आणि कपडे घरच्या बाकीच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. हा वास वाईट असला तरी तेलाचं सगळं सामर्थ्य त्यातच आहे.

कारण असं. सुरुवातीच्या मोटारींत पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर बसायचा. १९२६ मध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीनं तो मध्यरेषेच्या खाली सरकवला. शाफ्ट खाली आला, गाडीची जमीन खाली आली, बैठकही खाली आली. या रचनेला हायपॉइड म्हणतात आणि आज मागच्या चाकांच्या बहुतेक गाड्यांत तीच असते. असे दात कापणारी यंत्रं केली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ग्लीसन कंपनीनं. मालकाची मुलगी केट ग्लीसन कंपनीची आधीची यंत्रं विकायला एकोणिसाव्या शतकातच एकटी युरोपात फिरून आली होती. १९१४ मध्ये अमेरिकेच्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेची ती पहिली पूर्ण महिला सभासद झाली. दातचक्रांच्या इतिहासात तिचं नाव आणखी ठळक हवं होतं.

पिनियन खाली सरकल्यामुळे दात आता एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, लांबवर घसरत जातात. दाब प्रचंड, त्यात घसरण, त्यामुळे साधं तेल तिथून पिळून निघतं आणि लोखंडाला लोखंड भिडतं. तिथं गंधक आणि फॉस्फरसची संयुगं कामाला येतात. जिथं धातू अतिशय तापतो, नेमक्या तिथंच ती पोलादाशी संयोग पावून पातळ थर तयार करतात. झिजतो तो थर, दात वाचतो. थर पुन्हा बनतो. डब्यावर जीएल-५ लिहिलेलं असतं ते याच संरक्षणासाठी. पण हेच गंधक पितळेला खाऊ शकतं, म्हणून पितळी रिंगांच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये सहसा जीएल-४ घालतात. डिफरन्शियलसाठी आणलेलं उरलंसुरलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतून संपवायचा मोह टाळा.

एके काळी या कामाला स्पर्म व्हेलचं तेलही वापरत. त्याच्यात मेणासारखे द्रव घटक असतात आणि ते दाबाखालीही पृष्ठभागाला चिकटून राहतात. लिमिटेड स्लिप डिफरन्शियलच्या चकत्या अडखळू नयेत म्हणून घालायच्या पुरवणीत तर ते खास असायचं. १९७० मध्ये अमेरिकेनं हा व्हेल धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घेतला आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. तशाच घडणीचं तेल निघालं वाळवंटातल्या एका झुडपाच्या बियांत, त्याचं नाव जोजोबा. आपल्याकडे राजस्थानात त्याची लागवड होते, आणि तुमच्या शाम्पूच्या बाटलीवरही ते नाव सापडेल.

नव्वद नंबर म्हणजे किती घट्ट?

दुकानात जाऊन आपण नव्वद नंबरचं ऑइल मागतो आणि मनात धरतो की इंजिनच्या चाळीस नंबरपेक्षा ते दुपटीहून घट्ट असणार. तसं अजिबात नाही. दोन्हींच्या मोजपट्ट्याच वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइलच्या ९० ची घट्टता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक. इंजिन ऑइलच्या ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. म्हणजे नव्वद नंबरचं तेल इंजिनच्या चाळीस-पन्नासच्याच घरातलं. आकडे मुद्दाम दूर ठेवलेत, डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून.

८०डब्ल्यू-९० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. ८०डब्ल्यू तेल उणे २६ अंशांपर्यंत वाहतं राहिलं पाहिजे, ७५डब्ल्यू उणे ४० पर्यंत. महाबळेश्वरच्या थंडीला यातलं काहीच लागत नाही, तरी गाडीच्या पुस्तकात लिहिलेला नंबरच घ्या. कारण तो नंबर ठरवताना थंडीबरोबर बेअरिंग, सील आणि मायलेज यांचाही विचार झालेला असतो. तेल किती किलोमीटरला बदलायचं हेही पुस्तकच सांगेल. गाडीगणिक तो आकडा खूप बदलतो, आणि ओझं वाहणाऱ्या, घाट चढणाऱ्या गाडीचं तेल लवकर बदलावं लागतं.

चिखलात एक चाक अडकून गरगर फिरतं तेव्हा तेलावर काय बेततं, तेही बघा. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, पण सारखा म्हणजे निसरड्यातल्या चाकाला जेवढा पेलेल तेवढाच. कोरडं चाक स्तब्ध, चिखलातलं दुपटीनं. गिअरबॉक्सवरून वेग मोजणाऱ्या गाडीचा काटा ४० वर असेल तर ते चाक ८० च्या वेगानं फिरतंय. मधली छोटी दातचक्रं एरवी फक्त वळणावर हळूच फिरतात. आता ती आपल्या पिनवर भन्नाट सुटतात, तेल बाहेर फेकलं जातं आणि पिन जळते. ॲक्सिलरेटर दाबत राहण्यापेक्षा चाकाखाली गोणपाट घाला. शेतकऱ्यांना याचा उपाय चांगला ठाऊक आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना एकत्र बांधणारं डिफरन्शियल लॉकचं पायडल त्यासाठीच असतं. नांगरताना चाक फिरू लागलं की टाचेनं दाबायचं, वळायच्या आधी सोडायचं.

भरा, पण काठाखाली नको, वरही नको

खालचा प्लग नव्या वॉशरसह बसवा. पान्याला पाइप लावून जोर काढू नका. हौसिंग ॲल्युमिनिअमचं असेल तर आटे मऊ असतात, एकदा गेले की काम महागात पडतं. मग हातपंपानं वरच्या भोकातून तेल भरा. पंप नसेल तर बाटलीला लांब नळी लावून बाटली वर टांगा, तेल आपल्या वजनानं उतरेल. किती भरायचं? भोकाच्या खालच्या काठाशी येऊन बारीक धार बाहेर पडू लागली की झालं. मोजपट्टी नाही, काच नाही, भोकाचा काठ हीच पातळी. पुस्तकात काठाच्या खाली अमुक इतकं असं लिहिलं असेल तर तेच खरं.

कमी तेल वाईट हे सगळ्यांना पटतं. जास्त तेलही तितकंच वाईट. आत पंप नसल्यामुळे क्राऊनच तेलात बुडून ते सगळीकडे उडवतो. पातळी वाढली की तेल घुसळलं जातं, फेस होतो, आतला दाब चढतो. हा दाब बाहेर जायला ॲक्सलवर ब्रीदर नावाची छोटीशी टोपी असते. ती चिखलानं बुजलेली असेल तर दाब दुसरी वाट शोधतो आणि ती वाट म्हणजे चाकाजवळचं ऑइल सील. बऱ्याच गाड्यांत सीलच्या पलीकडे लगेच ब्रेकचे लायनर असतात. त्यांना गिअर ऑइल लागलं की ते चाक ब्रेक धरत नाही. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओघळ दिसला तर नुसतं सील बदलून थांबू नका. ब्रीदर उघडून फुंकून बघा, नाहीतर नवं सीलही त्याच वाटेनं जाईल.

जुनं तेल गटारात किंवा परसात ओतायचं नाही. कायद्यानंही ते घातक कचऱ्यात मोडतं. ज्या डब्यातून नवं आलं त्यातच भरून ओळखीच्या गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. झाकण लावून, वर जुनं असं लिहून.

आता चक्कर मारून या, दोन्ही प्लगवर कागद टेकवून ओल आहे का बघा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. आणि येताना खिडक्या बंद, रेडिओ बंद ठेवून कान द्या. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच घूंऽऽ असा सूर येत असेल तर साधारणपणे क्राऊन-पिनियनच्या दातांची पुढची बाजू झिजलेली असते. पाय काढल्यावर येत असेल तर मागची. सतत गुरगुर असेल तर बेअरिंग. फक्त वळणावर खटखट असेल तर आतली छोटी दातचक्रं. आणि रस्ता बदलला की आवाजही बदलत असेल, डांबरावर एक आणि काँक्रीटवर दुसरा, तर हौसिंग उघडायला निघालेल्या मेकॅनिकला थांबवा. तो आवाज पुष्कळदा टायरचा असतो.